स्टॅक मॉनिटरिंगच्या नोकरीला लहान भावाला जाऊ द्यावं का? (जळगाव)

तापीकाठ_यावल

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी झालाय, आणि आता जळगावच्या एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये फील्ड केमिस्ट म्हणून त्याचं जमतंय. काम काय तर कारखान्यांच्या चिमणीवर चढायचं आणि धुराचं सॅम्पल घ्यायचं, स्टॅक मॉनिटरिंग म्हणतात म्हणे त्याला. जळगाव एमआयडीसी, धुळे, शिरपूर, नंदुरबार, नवापूर असं सगळीकडे गाडीने फिरायचं, सीझनला साखर कारखाने.

आई काही केल्या तयार नाही. तिचं एकच, पोऱ्याला इतकं शिकवलं ते काय चिमणीवर चढायला का. वडील गप्प आहेत पण त्यांच्याही मनात तेच आहे. आमची केळी आहे, घरचं खाऊन पिऊन बरं चाललंय, त्यामुळे अगदीच मजबुरी अशी नाही. पण भावाला हेच काम करायचंय, त्याला त्यात खरंच गोडी आहे, लॅबमध्ये नुसतं बसून राहणं नको म्हणतो.

माझे दोन प्रश्न आहेत आणि कृपा करून ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनीच सांगा. एक, धोका नेमका किती आणि कशात आहे, म्हणजे जॉइन होण्याआधी लॅबला काय काय विचारून घ्यावं. दुसरा प्रश्न गावातल्या एकाने डोक्यात घातलाय, तो म्हणतो की तपासणीचे पैसे कंपनीच देते तर रिपोर्ट तिच्याच मनासारखा येणार, असल्या कामात इमानदार पोराचं काय होणार. हे खरं असेल तर मला उंचीपेक्षा याचीच जास्त काळजी आहे.

धूरमाप्या

दादा, मी २०११ पासून हेच काम करतोय, आधी नाशकात होतो आता जळगावात. तुमच्या आईंची काळजी अजिबात खोटी नाही, त्यांना समजावताना "काही होत नाही गं" असं कुणी म्हणू नका. होऊ शकतं. पण कशाने होतं ते माहीत असलं की बराचसा धोका टाळता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सकाळी लवकर निघायचं, गाडीत किट. किट म्हणजे पंप, गॅस मीटर आणि रोटामीटरचं (प्रवाह मोजणारं) पॅनेल, लांब स्टीलचा प्रोब (धूर ओढायची नळी), पिटॉट ट्यूब (वेग मोजायची नळी), थर्मोकपल (तापमानासाठी), बर्फाच्या पेटीत काचेचे इंपिंजर (वायू द्रावणात अडकवायच्या बाटल्या), आणि डब्यात वजन करून आणलेले थिंबल. थिंबल म्हणजे ग्लास फायबरची बोटाएवढी टोपी, धूर तिच्यातून ओढला की धूळ आत अडकते. हे सगळं सामान चढताना हातात घ्यायचं नसतं, आधी माणूस मोकळ्या हाताने वर जातो आणि मग दोर-कप्पीने सामान वर ओढतात. ज्या लॅबमध्ये प्रोब खांद्याला अडकवून शिडी चढायला लावतात ती लॅब तिथेच सोडावी, हे मी ठामपणे सांगतो.

वर गेल्यावर चिमणीला भोक असतं, पोर्टहोल. ते कुठेही पाडून चालत नाही. खाली जिथे धूर वळून चिमणीत शिरतो तिथून चिमणीच्या व्यासाच्या आठ पट वर आणि चिमणीच्या तोंडापासून दोन पट खाली, म्हणजे मीटरभर व्यासाची चिमणी असेल तर वळणापासून आठ मीटरवर. कारण तिथे धुराचा प्रवाह सरळ झालेला असतो, भोवरे नसतात. जागा कमी पडत असेल तर आत जास्त पॉइंटवर मोजावं लागतं. एकाच ठिकाणी प्रोब घालून मोजून येणारे पण बघितलेत, त्याला काही अर्थ नाही, मध्ये वेग वेगळा आणि भिंतीजवळ वेगळा असतो.

मग लीक चेक, मग पिटॉटने वेग, तापमान, ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड, या सगळ्यावरून हिशोब करून नोझल (प्रोबच्या टोकाचं तोंड) निवडायचं आणि किती वेगाने धूर ओढायचा ते ठरवायचं. हा आमच्या कामातला खरा गाभा आहे, आयसोकायनेटिक म्हणतात. चिमणीत धूर ज्या वेगाने वर जातोय बरोब्बर त्याच वेगाने नोझलमध्ये ओढला गेला पाहिजे. शेतकऱ्याला हे पटकन समजतं, खळ्यावर उफणताना दाणा सरळ खाली पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर वळून जातो ना, तसंच इथे जड कण सरळ जातात, हलके कण हवेबरोबर वळतात. आपण हळू ओढलं तर काही हवा नोझलला वळसा घालून निघून जाते पण जड कण सरळ आत येतात, धूळ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. जोरात ओढलं तर बाजूची हवा आत येते पण तिच्यातले जड कण वळत नाहीत, पुढे निघून जातात, मग धूळ कमी दिसते. म्हणून ओढण्याचा वेग चिमणीतल्या वेगाच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत राहिला तरच सॅम्पल धरायचं. हे सगळं आयएस ११२५५ या भारतीय मानकात लिहिलेलं आहे, भावाला म्हणा त्याचे भाग आत्ताच वाचून ठेव, मुलाखतीत निम्मी पोरं इथेच अडकतात.

आता धोका. पडण्याची भीती सगळ्यांना दिसते, पण मला विचाराल तर पोर्ट उघडताना जास्त सांभाळावं लागतं. काही चिमण्यांमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, फ्लँजचे नट ढिले केले की दीडशे अंशाचा धूर तोंडावर येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून पोर्टच्या समोर कधीच उभं राहायचं नाही, बाजूला, आणि वारा पाठीवर घेऊन. दुसरं, ईएसपी (विजेच्या चार्जने धूळ पकडणारं यंत्र) नंतरची चिमणी असेल तर धुळीवर चार्ज असतो, प्रोब अर्थिंग केल्याशिवाय आत घातला तर झटका बसतो, आणि तीस मीटरवर झटका बसून हात सुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिसरं ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास, त्यात पत्र्याची चिमणी, वर सावली नाही. आम्ही एप्रिल-मे मध्ये सकाळी अकराच्या आत वरचं काम संपवतो नाहीतर संध्याकाळी चढतो, कंपनीवाल्याने कितीही घाई केली तरी. आणि वळवाचे ढग दिसले की खाली, सॅम्पल अर्धं राहिलं तरी खाली.

रिपोर्टच्या इमानदारीचं नंतर लिहितो, ते लांबेल.

बॉयलर_अण्णा

मी साखर कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन फैजपूरला असतो. तपासायला येणारी पोरं खूप बघितली, धूरमाप्या भाऊंनी लिहिलंय ते बरोबर आहे, मी कारखान्याच्या बाजूने थोडं सांगतो.

शिडी आणि प्लॅटफॉर्म ही कारखान्याची जबाबदारी असते, प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या कन्सेंटच्या (परवानगीच्या) अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की चिमणीला पोर्ट, शिडी, प्लॅटफॉर्म पुरवायचा आणि चिमणीवर एस-१, एस-२ असे नंबर रंगवायचे. पण कारखाना सात महिने बंद असतो, पावसाळा जातो, शिडीच्या पायऱ्या वेल्डिंगच्या जागी गंजतात, वरून रंग मारलेला असतो म्हणून दिसत नाही. प्लॅटफॉर्मवर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख साचून ओली होते आणि खालचा पत्रा खाते. पोराला सांगा, चढायच्या आधी प्रत्येक पायरीला हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, आणि पहिल्यांदा जाणार असशील तर कारखान्याच्या फिटरला आधी पाठव म्हणायचं, त्यात लाज कसली.

अजून एक गोष्ट शहरातल्या लॅबवाल्यांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे आग्या मोहोळ. उंच प्लॅटफॉर्मच्या खालच्या बाजूला बसतं, चिमणी बंद असताना तर हमखास. सीझन सुरू होताना पहिल्या सॅम्पलिंगला खालून नीट बघून घ्यायचं, दुर्बीण असली तर उत्तम. वर असताना माशा उठल्या तर पळायला जागा नसते.

आणि बॉयलर अटेंडंटशी बोलून मगच चढायचं. त्याला माहीतच नसतं की वर माणूस आहे आणि तो इकडे सूट ब्लोइंग सुरू करतो, नळ्यांवरची काजळी वाफेने झाडतात ते, एकदम काळा लोट जातो वर. आम्ही पाटीच लावायचो पॅनेलवर, "वर माणूस आहे". सगळीकडे लावत नाहीत.

बाकी आईंना माझ्याकडून सांगा, पोऱ्या वर चढस तव्हय मायना जीव खाले टांगेल ऱ्हास, हे मी माझ्या घरात पण बघितलंय. पण काम इज्जतीचं आहे.

वजनकाटा_ताई

मी लॅबच्या आतली बाजू लिहिते. धुळ्याकडच्या एका लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे, पहिली काही वर्षं फील्डला पण जायचे. मुली पण चढतात हे इथे मुद्दाम लिहितेय कारण कुणी विचारतच नाही. अडचण चढण्याची नसते, बऱ्याच साइटवर बाईसाठी बाथरूम नसतं ही असते.

फील्डवरून थिंबल येतं ते डब्यात, त्यावर नंबर. ओव्हनमध्ये वाळवायचं, डेसिकेटरमध्ये थंड करायचं, मग वजन. जाण्याआधीचं वजन आणि आल्यानंतरचं वजन यातला फरक म्हणजे धूळ, आणि तो फरक मिलिग्रॅममध्ये असतो, म्हणून थिंबलच्या कडेचा एक तुकडा जरी तुटून पडला तरी आकडा कमी येतो, कधी कधी उणे सुद्धा येतो. वेट स्क्रबरच्या (पाण्याने धूर धुणाऱ्या यंत्राच्या) चिमणीतून आलेलं थिंबल ओलं होऊन लगदा झालेलं असतं, ते फील्डवाल्यानेच तिथे सांभाळायला हवं, प्रोब आणि फिल्टर गरम ठेवून. आम्ही आत बसून काहीच दुरुस्त करू शकत नाही. एसओटू (सल्फर डायऑक्साइड) साठी इंपिंजरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते आल्यावर बेरियम परक्लोरेटने टायट्रेशन. एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) वेगळ्या फ्लास्कमध्ये, रात्रभर ठेवून मग फिनॉल डायसल्फॉनिक ॲसिडने पिवळा रंग येतो तो मोजायचा. आता फ्लू गॅस ॲनालायझर हातात आल्याने पोरं हे शिकायला कंटाळतात, पण शिकावं, मशीन खरं बोलतंय का हे कळायला दुसरी पद्धत हातात लागते.

भावाच्या लॅबबद्दल तीन गोष्टी बघा. एनएबीएल (लॅबची राष्ट्रीय मान्यता) आहे का आणि त्याच्या स्कोपमध्ये स्टॅक एमिशन आहे का, कारण कधी कधी एनएबीएल फक्त पाण्याच्या तपासणीचं असतं आणि लॅबच्या पाटीवर मोठ्याने लावलेलं असतं. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली मान्यता आहे का. आणि पिटॉट ट्यूब, गॅस मीटर, रोटामीटर यांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चालू तारखेची आहेत का. जी लॅब वर्षानुवर्षं गॅस मीटर कॅलिब्रेट करत नाही ती हार्नेस (उंचीवरचा सेफ्टी पट्टा) पण बदलत नाही, हा माझा अनुभव आहे आणि मी त्यावर अडून आहे.

रोखठोक_नंदुरबार

सगळं ठीक आहे हो, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाहीये. मी एका कापडाच्या प्रोसेस हाऊसच्या शेजारी राहतो (नाव घेत नाही), रात्री दोन नंतर जो काळा धूर निघतो तो आमच्या गच्चीवर सकाळी बोटाने पुसता येतो. रिपोर्ट मागवला, पार्टिक्युलेट (धूळ) मर्यादेच्या आत. दुसऱ्या वर्षी मागवला, परत आत. मर्यादा दीडशे (घनमीटरला मिलिग्रॅम), रिपोर्ट एकदा एकशे चाळीसच्या घरात आणि एकदा एकशे पस्तीसच्या घरात. धूर मात्र तोच.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेत याचा पद्धतशीर अभ्यास झालाय, अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो (ज्यांना पुढे २०१९ ला नोबेल मिळालं), मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन यांनी गुजरातच्या प्रदूषण बोर्डाबरोबर केला आणि २०१३ ला छापून आला. अहमदाबाद-सुरत भागातले ४७३ कारखाने. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे कारखानाच ऑडिटर निवडतो आणि पैसे देतो तिथे, ऑडिटरांच्या रिपोर्टप्रमाणे फक्त ७ टक्के कारखाने धुळीची मर्यादा ओलांडत होते. स्वतंत्रपणे परत जाऊन मोजलं तर ५९ टक्के निघाले! आणि रिपोर्टमधले आकडे सगळे मर्यादेच्या जरासे खाली गर्दी करून बसलेले. मग इतक्या उंचीवर जीव धोक्यात घालून चढायचं कशासाठी, खाली बसूनच आकडा लिहा ना. मी हे रागाने लिहितोय पण तुमच्या भावावर राग नाही, हे सगळं बघून पण त्याला जायचं असेल तर जाऊ द्या, अशीच पोरं हवीत, पण त्याला आधी हे माहीत हवं.

धूरमाप्या

रोखठोक भाऊ, तुमचा राग बरोबर आहे आणि मी हे टाळत नव्हतो, लिहायला निवांत वेळ हवा होता.

आमच्या धंद्यात न चढता रिपोर्ट देणारे आहेत. गाडी गेटमधून आत जाते, चहा होतो, गाडी बाहेर येते, रजिस्टरला एंट्री. त्याला काय उपाय म्हणाल तर आता बऱ्याच लॅब प्लॅटफॉर्मवरचा लोकेशनसहित फोटो, वेळ, आणि फील्ड डेटा शीट मागतात. तुम्ही रिपोर्ट मागवाल तेव्हा नुसता शेवटचा आकडा मागू नका, फील्ड शीट मागा. त्यात चिमणीचं तापमान, वेग, प्रत्येक पॉइंटचं रीडिंग, नोझलचा व्यास, किती वेळ ओढलं, थिंबल नंबर, आयसोकायनेटिक टक्केवारी हे सगळं असतं. खोटा माणूस शेवटचा आकडा सहज लिहितो, पण हे सगळे आकडे एकमेकांशी जुळवून लिहिणं अवघड असतं. वेग आणि तापमानावरून हवेचं आकारमान निघतं, ते फॅनच्या क्षमतेशी जुळतं का बघा, जळणाच्या खपाशी जुळतं का बघा. मी असे रिपोर्ट बघितलेत की बॉयलर सहा टनाचा आणि चिमणीतून जाणारी हवा हिशोबाने दोन टनाच्या बॉयलरची.

दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण त्यात आमचा माणूस इमानदार असून सुद्धा आकडा खोटा येतो. सॅम्पलिंग आधी कळवून असतं. त्या दिवशी बॉयलर अर्ध्या लोडवर, जळण चांगलं, बॅग फिल्टर आदल्या दिवशी साफ. एरवी जळतं काय तर पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफलं, पांढरा कोळसा म्हणून जे ब्रिकेट मिळतात ते, कधी ओले कधी माती मिसळलेले, आणि शेतीच्या कचऱ्यात पोटॅशियम जास्त असतं त्याची बारीक धूळ होते जी साध्या सायक्लोनमध्ये (धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) अडकतच नाही. म्हणून मी वर जायच्या आधी बॉयलर हाऊसमध्ये जातो, स्टीम फ्लो, जळणाचा ढीग, आयडी फॅनचा (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) अँपियर हे स्वतः बघून शीटवर लिहितो आणि ऑपरेटरची सही घेतो. लोड कमी असेल तर रिपोर्टवर "सॅम्पलिंगवेळी लोड इतके टक्के" असं छापतो. कंपनीला आवडत नाही. काही कंपन्या पुढच्या वेळी दुसरी लॅब बोलावतात. आमचे मालक ते सहन करतात म्हणून मी इथे टिकून आहे, आधीच्या ठिकाणी मालकांना चालत नव्हतं म्हणून सोडलं. सगळं लॅबच्या मालकावर येऊन थांबतं, म्हणून तापीकाठ दादा, भावाच्या मुलाखतीत त्यानेच मालकाला विचारावं, आकडा मर्यादेच्या वर आला तर तुम्ही काय करता? उत्तर देताना तो किती वेळ घेतो ते बघावं.

आणि गुजरातच्या अभ्यासाचा पुढचा भाग पण सांगायला हवा होता भाऊ. त्यांनी अर्ध्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली, कुणी कुठे जायचं ते चिठ्ठीने, पैसे एका सामाईक निधीतून, आणि काही ठिकाणी दुसऱ्याने परत जाऊन मोजायचं. तीच माणसं, तेच किट, पण खोटे रिपोर्ट खूप कमी झाले आणि ते कळल्यावर कारखान्यांनी धूर पण कमी केला. म्हणजे माणसं मुळात खोटी नव्हती, पैसे कुणाच्या हातून येतात त्याने ती तशी वागत होती. आपल्याकडे हे अजून झालं नाही याचंच मला वाईट वाटतं, मागणी करायची तर याची करा, सगळ्या लॅबवाल्यांना चोर म्हणून काही होणार नाही.

वजनकाटा_ताई

यात एक भर. खासगी लॅबचा रिपोर्ट आणि बोर्डाने घेतलेलं सॅम्पल यात फरक आहे. हवा कायदा १९८१ च्या कलम २६ खाली बोर्डाचा अधिकारी सॅम्पल घेतो तेव्हा कारखान्याला तिथेच नोटीस, सॅम्पल सीलबंद, दोघांच्या सह्या, तसं केलं तरच ते कोर्टात चालतं. रोखठोक दादांनी रात्रीचा धूर असेल तर तारीख-वेळ टाकून व्हिडिओ काढावा आणि बोर्डाकडे लेखी तक्रार करावी, आमच्यासारख्यांचा रिपोर्ट मागवत बसून उपयोग नाही. आम्हाला कंपनीने बोलावल्याशिवाय गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही.

आणि जे लोक म्हणतात की आता ऑनलाइन मीटर आले, ही नोकरी जाणार, ते पण बरोबर नाही. २०१४ पासून केंद्रीय बोर्डाने १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना चिमणीवर ऑनलाइन मीटर सक्तीचे केले, साखर, डिस्टिलरी, थर्मल पॉवर सगळे आले त्यात. पण धुळीचा ऑनलाइन मीटर धूळ तोलत नाही, प्रकाश किती अडला किंवा चार्ज किती आला यावरून अंदाज करतो, त्याला कॅलिब्रेट करायला थिंबलवालाच लागतो. सुरतला २०१९ पासून धुळीच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू आहे, ती मीटरवर चालते, तिथे आपल्याकडची पोरं गेलीत कामाला.

बॉयलर_अण्णा

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राला पण थिंबलवाले लागतातच की. तिथे ५०० मेगावॉटचे संच आहेत, आणि ५०० आणि त्याच्या वरच्या संचाला २७५ मीटरची चिमणी लागते असा नियम आहे. डिसेंबर २०१५ ला पॉवर प्लांटच्या मर्यादा कडक झाल्या, २००४ ते २०१६ मधल्या युनिटला धूळ ५० मिलिग्रॅम आणि २०१७ नंतरच्यांना ३०. इतकं कमी मोजायचं तर पोराला हात स्वच्छ लागतो, जास्त वेळ ओढावं लागतं. साखर कारखान्याला १५० आहे, तिथे शिकून मग तिकडे जावं, उलटं नको.

तापीकाठ_यावल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा भावाला आणि वडिलांना वाचून दाखवला. आईला अण्णांचा निरोप सांगितला, ती काही बोलली नाही पण नंतर भावाला विचारत होती की तो पट्टा कमरेचा असतो का अंगभर. म्हणून तेच विचारतो, हार्नेस कोणता मागायचा आणि नवीन पोराने मागितला तर नखरे करतो असं वाटणार नाही ना? आणि विम्याचं काय? आणि मुलाखतीत तो मर्यादेचा प्रश्न विचारायचं भावाने पक्कं केलंय, त्यावरून नोकरी गेली तर जाऊ दे म्हणतो, वडील पण तेच म्हणाले.

धूरमाप्या

अंगभरच. कमरपट्टा नको, पडल्यावर कमरेत मोडतो माणूस आणि उलटा पण होऊ शकतो. फुल बॉडी हार्नेस, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला, आणि डबल लॅनयार्ड, म्हणजे दोन हुक. चढताना एक हुक कायम अडकलेला राहतो, दुसरा वर सरकवायचा, मग पहिला सोडायचा. एकच हुक असेल तर बदलताना माणूस मोकळा असतो आणि लोक नेमके तेव्हाच पडतात. शिडीच्या पायरीला हुक अडकवायचा नाही, बाजूच्या मजबूत पाइपला किंवा लाइफलाइन असेल तर तिला. एकदा पडल्याचा झटका बसलेला हार्नेस परत वापरायचा नाही, दिसायला कितीही चांगला असू दे.

नखऱ्याचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांमध्ये हार्नेस आणि हाइट वर्क परमिटशिवाय गेटवरचा सेफ्टी ऑफिसरच चढू देत नाही, तिथे उलट आपल्यालाच परत पाठवतात. अडचण छोट्या युनिटला येते, तिथे कुणी विचारत नाही, तिथे स्वतःच घालायचा. माझ्या गाडीत दोन हार्नेस माझ्या नावाचे आहेत, लॅबने दिलेले, दुसऱ्याला देत नाही. भावाने ऑफर लेटरमध्येच लिहून मागावं, स्वतःच्या नावाचा हार्नेस, हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासकट, उष्णतेचे हातमोजे, खिशातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. विम्यात ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागू असेल तर ते आणि त्याच्या वर ग्रुप ॲक्सिडेंट पॉलिसी, पण पॉलिसीच्या कागदात उंचीवरचं काम वगळलेलं नाही ना ते शब्दन् शब्द वाचून घ्या, कारण कधी कधी वगळलेलं असतं. आणि एकट्याने कधी पाठवणार नाही, खाली एक माणूस कायम राहील, हे तोंडी नको, लेखी.

मुलाखत कधी आहे ते कळवा. जळगावातच असेल तर आदल्या दिवशी त्याला माझ्याबरोबर साइटला आणा, कंपनीची परवानगी मी काढतो, वर नाही चढवणार, खालून सगळं दाखवीन. वडिलांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या.